पाणीवालीच्या चेहऱ्यावरचा राग

सोमवार, ३ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओरडायचं नाही. ओरडावंसं वाटलं की घरी जाऊन वहीत लिहायचं. मी म्हटलं, बाई, माझा धंदाच ओरडण्याचा आहे. चौकात ट्राम खडखडत असते, तरी मागच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू गेलं पाहिजे. त्या म्हणाल्या, ते नव्हे हो, रागाचं ओरडणं. आता ह्या दोन्हींत फरक काय ते त्यांनाच ठाऊक. पण रक्तदाबाचं यंत्र बघून त्यांचं तोंड असं काही झालं की मी वाद घातला नाही. येताना वही घेतली. लाल हवी होती, दुकानात फक्त निळ्या होत्या. सुरुवातच अशी.

तर राग. आज सकाळी पालिकेने चौकात नोटीस लावली. पाणीवालीचा पुतळा धोकादायक झाला आहे म्हणे, सबब दुरुस्तीसाठी हलवण्यात येईल. आणि खाली सही कोणाची, तर माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची! पालिकेच्या जुन्या वास्तूंच्या खात्यात ती मोठी अधिकारी आहे, मला माहीत आहे. पण निदान घरी येऊन सांगायचं तरी. मला कळलं ते छत्रीवाल्याकडून. छत्रीवाला म्हणजे चौकातला दुसरा गाइड, पिवळी छत्री उंच धरून माणसं हाकतो. तो माझ्याकडे बघून हसला. त्याच्याकडून मला माझ्या बहिणीची करणी कळावी!

डॉक्टरीणबाई, लिहून काही होत नाहीये.

मंगळवार, ४ मार्च

चौकाबद्दल लिहून ठेवते. उद्या कोणी ही वही वाचली तर म्हणायला नको, की बाई एका दगडापायी एवढी का पेटली.

आमचा चौक पोस्टकार्डावर असतो. लोक विमानाने येतात, फोटो काढतात, आणि त्यांना डोंबल काही कळत नाही. म्हणून मी. मी कमानींपासून सुरू करते. कमानींच्या भिंतीत गोळ्यांची भोकं होती. भाकरी महागली म्हणून माणसं जमली होती आणि सरकारने गोळ्या घातल्या, त्या दिवसाची. लहानपणी बाबांनी आम्हा दोघींची बोटं त्या भोकांत घातली होती. पालिकेने सुशोभीकरण काढलं आणि भोकं लिंपून टाकली. वर पिस्ता रंग दिला, पिस्ता! आता मी भिंतीवर बोट ठेवून सांगते, इथे होतं, इथे होतं.

पुढे घड्याळाचा मनोरा. चार व्यापारी पेठांनी चार बाजू बांधल्या, एकमेकांशी पटत नव्हतं, म्हणून चार घड्याळं चार वेगळ्या वेळा दाखवतात. आजही. मग घोडेस्वार. घोडा पहिल्यापासून तोच, वरचं डोकं राज्य बदलेल तसं बदललं. आताचं डोकं ज्या सेनापतींचं, ते एकही लढाई जिंकलेले नाहीत, आणि घोड्याचा मागचा भाग बरोबर पाणीवालीच्या तोंडासमोर आणून ठेवलाय. ते मी सांगते तेव्हा लोक हसतात.

आणि शेवटी पाणीवाली. चौक आधी चौक नव्हताच, विहीर होती. दुष्काळात सुभेदाराने विहिरीला कुलूप घातलं. एका परटिणीने कपडे बडवायच्या दांड्याने ते कुलूप फोडलं. तिला विहिरीपाशीच उन्हात बांधून ठेवलं, पाणी द्यायचं नाही असा हुकूम. तर गावातली एकेक बाई येऊन तिच्या तोंडात ओंजळ रिकामी करून गेली, आणि शिपाई बघत राहिले. पुढे विहीर बुजली, कारंजं झालं, तिचा पुतळा बसला. हातात खरं तर दांडा हवा होता. पण दांडा धरलेली बाई शेठ लोकांना चौकात नको होती, म्हणून घडा दिला. हात पुढे करून ती घड्यातून पाणी ओतते. म्हणजे ओतायची. नळ फुटल्याला जमाना झाला. समोरचा हौद बुजवून फरशा घातल्या.

धार जिथे पडायची, त्या फरशीवर बाबा उभे राहायचे. आता मी उभी राहते. बाबांचा एकच नियम होता: गिऱ्हाइकाकडे पाठ करायची नाही. दगडाकडे पाठ, माणसांकडे तोंड. म्हणून मी सगळा चौक उलटी चालते. एकदाही धडपडले नाही. फरशीवर पोचले की न वळता हात मागे वर करते आणि म्हणते, "बघा तिच्या चेहऱ्यावरचा राग! इतकी वर्षं झाली, उतरलेला नाही." हे बाबांचं वाक्य. ह्या वाक्याला लोक चिडीचूप होतात. ट्रामवाले घंटा वाजवायचे थांबतात असं बाबा म्हणायचे, पण ते जरा वाढवून.

आणि धाकटी हे उचलून नेणार. 'दुरुस्ती'! मी ह्याआधी बघितलीय पालिकेची दुरुस्ती. दिव्याचा खांब असाच 'धोकादायक' म्हणून नेला. जुना, ओतीव लोखंडी, पायथ्याशी चार मासे. परत आला का? त्याच्या जागी तिकीट काढायचं यंत्र बसलंय, तेही बिघडलेलं.

नाही नेऊ द्यायची. मी आहे तोवर तर नाहीच.

शुक्रवार, ७ मार्च

धाकटी घरी आली. तोंड एवढंसं करून. मी चहा ठेवला, कारण बाबांनी शिकवलंय की शत्रूलासुद्धा चहा विचारावा.

ती म्हणाली, "ताई, त्या हातात—"

मी म्हटलं, "हात नंतर. आधी मला सांग, सही करताना तुझा हात नाही कापला? बाबा कुठे उभे राहायचे ते विसरलीस? खांद्यावर मला घ्यायचे का तुला? तुलाच घ्यायचे, तू लहान म्हणून. मी खाली उभी. आणि आज तीच तू..."

ती म्हणाली, "अगं ऐक तरी, खांद्यापाशी—"

"खांद्यापाशी काय! त्या खांद्यावर बसून मोठी झालीस आणि त्याच चौकावर उलटलीस." मग मी दिव्याचा खांब काढला, गोळ्यांची भोकं काढली, पिस्ता रंग काढला. चांगलं तोंडसुख घेतलं. तिला एक शब्द बोलू दिला नाही. कशाला देऊ? ऑफिसात दिवसभर तिचंच चालतं.

चहा तसाच टाकून गेली. हे तिला पोचवायला खाली गेले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. जिन्यात कुजबुज चालली होती. आले ते तोंड पाडून. विचारलं तर म्हणे, "काही नाही, ट्राम उशिरा होती." जन्मभर ह्यांनी ट्राम चालवली. ट्राम कधी येते ते ह्यांना कळत नाही?

मंगळवार, ११ मार्च

आज माझ्या फरशीभोवती लोखंडी कठडे! बरोब्बर माझ्या जागेवर, बाकीचा सगळा चौक मोकळा. ह्याला म्हणतात खुन्नस. मी एकेक कठडा ओढून घोडेस्वाराच्या पायाशी नेऊन टाकला. छत्रीवाला मदतीला आला. त्याच्या मनात काय असेल ते असो, कठडा उचलला त्याने, हे मान्य करायला हवं.

गोष्ट दणक्यात सांगितली. एक बाई मात्र सारखी माझ्या डोक्यावर बोट दाखवत होती. म्हटलं, "हो हो, तीच ती, सांगते आता." तरी तिचं आपलं बोट वर. काहींना धीर म्हणून नसतो.

घरी आल्यावर केस सोडले तर अंबाड्यात पांढरी कच. ह्यांनी बोटांनी चोळून बघितली. म्हणाले, "ही दगडाची भुकटी आहे."

"कबुतरं खरवडतात. नाहीतर बँकेचं काम चाललंय, तिथली उडाली असेल."

"बँक पलीकडच्या बाजूला आहे."

"वारा नसतो का?"

ह्यांनी कंगवा घेतला आणि माझे केस विंचरत बसले. लग्नानंतर पहिल्या वर्षी विंचरले होते, त्यानंतर आज. वय झालं की माणूस असा हळवा होतो.

शनिवार, १५ मार्च

आज तर कमालच. हे चौकात आले, अख्खी फेरी पाठीमागे हात बांधून चालले, आणि शेवटी म्हणाले, "तू जरा चार पावलं पुढे येऊन उभी राहत जा ना. तिथून आवाज चांगला पोचतो."

माझा आवाज पोचत नाही! माझा! हा आवाज ऐकून ह्यांनी लग्नाला होकार दिला, असं ह्यांच्या आईने सगळ्या गल्लीत सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही रुळांवरून गाडी हाकलीत, वळायचं कुठे तेसुद्धा रुळांनी ठरवलं. मला कुठे उभं राहायचं ते शिकवू नका."

तरी म्हणाले, "निदान वर तरी बघ एकदा."

"वर बघायला मी काय पतंग उडवतेय?"

एक खरं, की लोक हल्ली माझ्याकडे बघत नाहीत. वर बघतात, माझ्या डोक्यावरून, आणि एक एक करत मागे सरकतात. पूर्वी पुढे सरकायचे. पर्यटकांचीच जात बिघडली.

बुधवार, १९ मार्च

कुंड्या! कठडे हलवले म्हणून आता सिमेंटच्या कुंड्या आणून ठेवल्या, आत कसली तरी मरतुकडी झुडपं. एक कुंडी थेट माझ्या फरशीच्या मधोमध. मी ती ढकलली. कंबरेतून कळ गेली, पण ढकलली. फरशीवर आधीच पांढरा कचरा पडलेला, दगडाचे बारीक तुकडे, हरभऱ्याएवढे. पालिकेला झाडायला नको, नोटिसा लावायला हव्यात. मी पायाने बाजूला केले आणि उभी राहिले.

घरी आले तर हे फोनवर. मला बघून म्हणाले, "बरं, ठेवतो." आवाजावरूनच कळलं, पलीकडे धाकटी. दोघांचं शिजतंय काहीतरी. मी विचारलं, "काय म्हणत होती तुमची मेव्हणी?" हे म्हणाले, "तिला झोप लागत नाही."

लागणार कशी! मन खात असेल. मी म्हटलं, "तिला सांगा, सही मागे घे, झोप लागेल." ह्यांनी कंबरेला शेक द्यायला पिशवी भरून आणली. मी घेतली, पण बोलले नाही. घरभेद्याशी बोलायचं कशाला?

सोमवार, २४ मार्च

गेले ऑफिसात. सरळ तिच्या खोलीत. दाराबाहेर लोक बसले होते, त्यांच्यासमोरच सुरू केलं. म्हटलं, "कठडे तुझे, कुंड्या तुझ्या, आता काय मला उचलून नेणार?" ती उभी राहिली. डोळ्यांखाली काळं झालेलं. म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर चौकात चल. फक्त एकदा. समोर उभी राहून वर बघ."

काय बोलते ही! मी म्हटलं, "मी रोज त्या चौकात असते. तू खुर्चीत असतेस. आणि तू मला चौक दाखवणार?"

ती म्हणाली, "तू चौकात असतेस, पण तू त्याच्याकडे—"

"मी त्याच्याकडे काय? बोल ना! मी त्याच्यावर जगते, एवढंच ना? हो, जगते. बाबाही जगले. तूसुद्धा त्याच गोष्टीवर शिकलीस." हे बोलून मी वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिला दिसायला नको होतं.

बाहेर तिच्या कारकुनाने मला गाठलं. म्हणाला, "बाई, तुम्ही मॅडमवर कशाला चिडता? मोठे साहेब म्हणत होते, पर्यटकांचा हंगाम संपू दे, मग उतरवू. ह्या मॅडमच रोज जाऊन भांडतात की आत्ताच्या आत्ता उतरवा. शेवटी साहेब वैतागून हो म्हणाले. शुक्रवारी क्रेन येतेय."

म्हणजे बघा! साहेबांनासुद्धा घाई नव्हती, हिलाच घाई! मी जिना उतरता उतरता ठरवलं. शुक्रवारी मी माझ्या फरशीवर उभी राहणार. क्रेनने मला उचलावं आणि मग पाणीवालीला.

गुरुवार, २७ मार्च

छत्रीवाला येणार, पोस्टकार्डवाली येणार, चहाच्या टपरीवाला दुकान बंद ठेवून येणार. हे म्हणाले, "मीपण येणार." मी म्हटलं, "कोणाच्या बाजूने?" म्हणाले, "तुझ्या बाजूला उभा राहीन." बरं वाटलं. चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला. लांबचं दिसायला लागतो, पण चौकात मी घालत नाही. समोरची माणसं जवळच असतात.

शुक्रवार, २८ मार्च

लिहिता येईल का बघते.

सकाळी क्रेन आली. पिवळी, मनोऱ्याच्या तिसऱ्या मजल्याएवढी. कामगार डोक्यावर टोप्या घालून. मी पुन्हा लावलेल्या कठड्यांच्या आत शिरले आणि फरशीवर उभी राहिले. मुकादम म्हणाला, "बाई, बाजूला व्हा." मी म्हटलं, "आधी गोष्ट होईल." लोक खूप जमले होते, चौकात एवढी माणसं मी बघितली नव्हती. हे माझ्या बाजूला यायला निघाले तर दोन कामगारांनी ह्यांना अडवून धरलं. हे त्यांच्याशी झटापट करत होते. ह्या वयात!

मी सुरू केलं. विहीर, कुलूप, परटीण. आवाज असा लागला की बाबा खूश झाले असते.

तेवढ्यात धाकटी गर्दीतून आली. कठडा ओलांडून सरळ आत. मुकादम ओरडला, "मॅडम, तुम्ही तरी बाहेर या!" ती म्हणाली, "ताई आली की येते."

आणि माझ्याशेजारी उभी राहिली. खांद्याला खांदा लावून. फक्त मी लोकांकडे तोंड करून, ती दगडाकडे तोंड करून. तिचा खांदा लटलट कापत होता. मी मनात म्हटलं, नाटकं. आणि गोष्ट पुढे नेली. ओंजळी, शिपाई, शेठ लोक, घडा. मग हात मागे वर केला आणि म्हटलं, "बघा तिच्या चेहऱ्यावरचा राग!"

कोणी वर बघितलं नाही. सगळे धाकटीकडे बघत होते. चौकात एवढी शांतता झाली की मलाच कसंतरी झालं. माझ्या वाक्याच्या वेळी हिने काय आचरटपणा चालवलाय, म्हणून मी चिडून तिच्याकडे वळले.

तिने दोन्ही तळहात माझ्या डोक्यावर धरले होते. वरून काही पडलं तर झेलावं, तसे. मान वर, डोळे वर, पापणी लवत नव्हती. एवढा मोठा दगड, आणि ही बाई दोन तळहातांनी अडवणार होती.

मग तिच्या नजरेच्या मागून मीही वर बघितलं. नीट दिसेना. पर्समधून चष्मा काढला.

पाणीवालीच्या खांद्यात भेग होती. भेग कसली, खिंडार. खांदा आणि हात ह्यांच्या मधून मला आकाश दिसलं. गंजलेली एक सळई तेवढी, करंगळीएवढी, आणि तिच्यावर तो अख्खा हात आणि घडा. बरोबर माझ्या भांगावर.

ओरडावं असं काही सुचलंच नाही. धाकटीचे हात खाली घेतले. एक हात घट्ट धरला आणि दोघी बाहेर आलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत हे बरं झालं.

कामगार शिडीवर चढले. पट्टा घालायला एकाने कोपराला नुसता हात लावला. तेवढ्यानेच सळई तुटली. घडा खाली आला तो फरशीवर. माझ्या फरशीवर. फरशीचे दोन तुकडे, घड्याचे किती ते विचारू नका. धूळ बसेपर्यंत हे माझ्या पाठीमागे येऊन दोन्ही खांदे धरून उभे होते.

आणि मग मला कंठ फुटला. सगळ्या पालिकेला ऐकू जाईल असं मी ओरडले, "इतके दिवस काय झोपा काढत होतात? माणूस मेलं असतं इथे!"

धाकटी मटकन खाली बसली. रडतेय का हसतेय तेच कळेना. डॉक्टरीणबाईंना हे सांगणार नाही.

रविवार, ३० मार्च

धाकटी आली. आज चहा तिने केला. मी विचारलं, "पहिल्याच दिवशी सरळ सांगायला काय झालं होतं?"

ती म्हणाली, "सांगितलं होतं. इथे, ह्याच टेबलाशी. ऑफिसातही सांगत होते. तू बोलत होतीस, ताई."

हे पेपरातून मान न काढता म्हणाले, "मीपण सांगितलं होतं."

"तुम्ही म्हणालात माझा आवाज पोचत नाही! त्याला सांगणं म्हणतात?"

"मग काय सांगू? धोका हा शब्द काढला की तू दिव्याचा खांब काढायचीस."

काढणारच! दिव्याचा खांब खरंच परत आलेला नाही. राग चुकीचा नव्हता माझा. दोघांनी मिळून मला दोषी ठरवायचं काही कारण नाही. धाकटीला बजावलं, पाणीवाली परत आणून उभी केली नाहीस तर ह्या घरात पाय ठेवायचा नाही. ती म्हणाली, "रोज येऊन भांडशील ना माझ्या ऑफिसात? तू भांडलीस की साहेब लवकर सही करतात."

येईन की. सांगायला हवं का ते?

मंगळवार, ८ एप्रिल

रिकाम्या चौथऱ्यासमोर गोष्ट सांगितली. फरशी तुटलेली, म्हणून बाजूला उभी राहिले. जमली नाही. हात मागे वर केला आणि वाक्य तोंडातच राहिलं. बघा म्हणून सांगायचं काय?

छत्रीवाला नंतर म्हणाला, "होतं असं." मला त्याची दया नको होती. पण त्याने दिलेला चहा घेतला.

शनिवार, १२ एप्रिल

धाकटी मला पालिकेच्या गोदामात घेऊन गेली. शहराबाहेर, पत्र्याची शेड, बाहेर गवत कंबरेएवढं. आणि गवतात काय? दिव्याचा खांब! आडवा पडलेला, चारपैकी तीन मासे जागेवर. मी तिथेच सुरू होणार होते. ती म्हणाली, "ताई, ते माझ्या आधीचं आहे." म्हटलं, "मग आता तुझं." ती हो म्हणाली. लगेच हो म्हणाली, त्यामुळे भांडण पुढे गेलं नाही.

आत पाणीवाली लाकडी ओंडक्यांवर उताणी ठेवली होती. पत्र्यातून ऊन थेट तिच्यावर पडत होतं. चष्मा मी घरूनच घालून निघाले होते. जवळ गेले, वाकले.

चेहराच नव्हता.

नाक नाही, ओठ नाहीत, भुवया नाहीत. पावसाने सगळं घासून नेलेलं. धुऊन ठेवलेल्या वाडग्याच्या बुडासारखं गुळगुळीत. मी हात फिरवला. डोळ्यांच्या जागी नुसते दोन खळगे, तेही उथळ.

मी मूर्ती दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारलं, "हे कधी झालं? उतरवताना?" तो म्हणाला, "छे हो बाई, शंभरेक वर्षांचं काम आहे हे. मी लहान होतो तेव्हाही असंच होतं."

म्हणजे बाबांच्या वेळीही असंच! मला असा राग आला की काय सांगू. बाबांचा राग आला, माझा आला, आणि त्या सगळ्या लोकांचा आला. मी धाकटीला म्हटलं, "अगं, मी रोज म्हणायचे, बघा तिच्या चेहऱ्यावरचा राग. हजारो लोक आले असतील. एकालाही सांगावंसं वाटलं नाही, की बाई, इथे चेहराच नाहीये? मान कसली हलवायचे मेले? गप्प कसले व्हायचे? त्यांना काय दिसत होतं?"

धाकटीने माझ्या केसांतून काहीतरी काढलं. भुकटी नव्हती, गवताची काडी होती.

"राग दिसत होता की," ती म्हणाली. "समोर तू उभी असायचीस ना."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.